वाचनापूर्वीचे वाचन : चाहता-कथांचा वाचक आणि निवडीचा प्रश्न

आपली साहित्यसमीक्षा बहुधा तेथून सुरू होते, जेथे वाचकाच्या हाती संहिता आलेली असते. ती तेथवर कशी आली, दुसरी एखादी न येता हीच का आली, हे प्रश्न समीक्षेने ग्रंथविक्रेते, ग्रंथपाल आणि साहित्याचे समाजशास्त्र यांच्यावर सोपवून दिले आहेत. वाचककेंद्री समीक्षाही याला फारसा अपवाद नाही. वोल्फगांग इझरचा वाचक संहितेतील रिक्त जागा भरत असतो. परंतु ही संहिता उचलताना त्याने कोणत्या शंभर संहिता बाजूला सारल्या, हा इझरच्या चिंतनाचा विषय होत नाही. गेली काही वर्षे मी ज्या लेखनाची नियमित वाचक आहे, त्या लेखनाने मात्र हा प्रश्न माझ्यापुरता तरी अटळ करून ठेवला आहे. हे लेखन म्हणजे फॅन फिक्शन. त्याला येथे मी ‘चाहता-कथा’ म्हणणार आहे. एखाद्या परिचित कथाविश्वातील पात्रे व प्रसंग घेऊन त्या विश्वाच्या चाहत्यांनी बहुधा मोबदल्याच्या अपेक्षेवाचून लिहिलेल्या या कथा होत.

माझे वाचन मुख्यतः शेरलॉक होम्सभोवतीच्या इंग्रजी चाहता-कथांचे आहे. या कथांना दीर्घ परंपरा आहे. १८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉइलने ‘द फायनल प्रॉब्लेम’ या कथेत होम्सला रायशेनबाख धबधब्यात मृत्यू दिला आणि १९०३ मध्ये ‘द एम्टी हाउस’ या कथेत त्याला परत आणले. जानेवारी २०१२ मध्ये बीबीसीच्या ‘शेरलॉक’ या मालिकेत होम्सने रुग्णालयाच्या छतावरून उडी घेतली. पुढचा भाग येण्यास जानेवारी २०१४ उजाडला. या दोन वर्षांच्या मधल्या पोकळीत चाहत्यांनी होम्सच्या परतण्याच्या असंख्य कथा लिहिल्या. वाचकापुढे प्रश्न असा उभा राहतो की, एकाच मृत्यूनंतरच्या एकाच पुनर्भेटीच्या इतक्या कथांपैकी कोणती वाचायची? सगळ्यांचे कथाबीज त्याला ठाऊक आहे, पात्रे ठाऊक आहेत, पुष्कळदा शेवटही ठाऊक आहे. ‘पुढे काय होते’ या कुतूहलावर निवड करण्याचा मार्ग येथे जवळजवळ बंद आहे.

पूर्वी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी १९६७ मध्ये ‘स्पॉकनेलिया’ हे नियतकालिक काढले. अशा नियतकालिकांना संपादक असत, पाने मर्यादित असत आणि अंक टपालाने मागवावे लागत. निवडीचा मोठा भार संपादकाने उचललेला असे. आज या कथांचे एक प्रमुख भांडार असलेला ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा महाजालावरील संग्रह २००९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. २००७ मध्ये स्थापन झालेली एक ना-नफा संस्था स्वयंसेवकांच्या बळावर तो चालवते. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आज त्यात एक कोटीहून अधिक कृती आहेत. तेथे साहित्यगुणांवरून स्वीकार-नकार करणारा संपादक नाही, जाहिरात नाही आणि ‘तुम्हांला हेही आवडेल’ असे सुचवणारी यंत्रणाही नाही. एखादे कथाविश्व उघडले की अगदी अलीकडे भर पडलेली कथा वर दिसते, एवढाच तेथील नैसर्गिक क्रम. त्यापुढचे सारे संपादन वाचकानेच करायचे असते.

हे संपादन कसे चालते, याचे थोडे तपशिलात वर्णन केले पाहिजे. प्रत्येक कथेच्या माथ्यावर माहितीचा एक चौकोन असतो, आणि सराईत वाचक तो ज्या एकाग्रतेने वाचतो त्या एकाग्रतेने आपण पुस्तकाची प्रस्तावनाही क्वचितच वाचतो. पहिला निर्णय कथाविश्वाचा : डॉइलच्या कथांतील होम्स की मालिकेतील होम्स? ही दोन स्वतंत्र विश्वे मानली जातात. दुसरा निर्णय संबंधाचा. होम्स आणि वॉटसन या नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर त्यांचे नाते प्रणयाचे, आणि इंग्रजीतील ‘अँड’चे चिन्ह असेल तर ते मैत्रीचे वा अन्य स्वरूपाचे. एका चिन्हाच्या फरकाने दोन भिन्न वाचकवर्ग निर्माण होतात. त्यानंतर येतो तो वयोगटाचा निर्देश; मग हिंसा, प्रमुख पात्राचा मृत्यू यांसारख्या ठराविक गोष्टींविषयीच्या पूर्वसूचना; मग कथा पूर्ण आहे की अपूर्ण, आणि तिची शब्दसंख्या. शेवटी लेखकाने स्वतःच्या शब्दांत दिलेल्या खुणा, म्हणजे टॅग. ‘दुःखानंतर दिलासा’, ‘मूळ कथेतील अन्यायाची दुरुस्ती’, ‘संथ गतीने उमलणारे प्रेम’ अशा अर्थाच्या या खुणा आशयसूत्रांचीच नावे असतात. वेगवेगळ्या लेखकांनी एकाच गोष्टीला दिलेली वेगवेगळी नावे परस्परांशी जोडून ठेवण्याचे काम स्वयंसेवक करतात. वाचक या खुणांच्या आधारे हव्या त्या कथा मागवतो आणि, याहून महत्त्वाचे म्हणजे, नको त्या वगळतो.

जेरार जेनेतने १९८७ च्या आपल्या ग्रंथात शीर्षक, प्रस्तावना, अर्पणपत्रिका इत्यादी संहितेभोवतीच्या घटकांचा विचार केला आणि ग्रंथाला नावच ‘उंबरठे’ या अर्थाचे दिले. चाहता-कथेचा माहितीचौकोन हा असा उंबरठा आहे, हे उघडच आहे. तथापि मला त्याहून जवळची वाटते ती आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी येणाऱ्या अनुबंधचतुष्टयाची कल्पना. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी ग्रंथाच्या प्रारंभीच स्पष्ट कराव्यात, म्हणजे तो आपण वाचावा की नाही हे वाचकाला कळेल, असा तो दंडक. कथाविश्व आणि पात्रे हा येथे विषय. लेखकाच्या खुणा हे प्रयोजन. मूळ संहितेपासून ही कथा किती आणि कोठे दूर गेली आहे याचा निर्देश हा संबंध. आणि वयोगट व पूर्वसूचना या अधिकारी कोण ते सांगतात. साम्य तंतोतंत नाही. शास्त्रात अधिकार हा वाचकाच्या पूर्वतयारीवर ठरतो आणि तो कोणाला आहे हे ग्रंथकार सांगतो. येथे ग्रंथकार केवळ माहिती देतो, आणि अधिकार वाचक स्वतः, त्या दिवसापुरता, ठरवतो. ‘ही कथा चांगली आहे का’ या प्रश्नाच्या आधी तो ‘आज मी या कथेची अधिकारी आहे का’ हा प्रश्न विचारतो.

या ‘आज’वर मी भर देते, त्याला कारण आहे. माझ्या आईच्या दीर्घ आजारात आणि तिच्या मृत्यूनंतरच्या काही महिन्यांत मला नवी कादंबरी वाचवेना. अध्यापनासाठी लागणारे ग्रंथ मी वाचत होते. पण कोणत्या पानावर कोणाच्या उशाशी औषधाच्या बाटल्या येतील याची शाश्वती नसलेली संहिता मला उघडवत नव्हती. त्या काळात मी प्रमुख पात्राच्या मृत्यूची सूचना असलेल्या साऱ्या कथा वगळून उरलेल्या वाचत असे. त्यांतील पुष्कळ सामान्य होत्या, आणि त्या सामान्य आहेत हे मला वाचतानाही कळत होते. आस्वादक आणि समीक्षक या माझ्यातील दोन व्यक्ती त्या महिन्यांत एकमेकींना ओळख देत होत्या, परंतु एकमेकींच्या कामात लक्ष घालत नव्हत्या.

पुढे, साधारण वर्षभराने, मी तीच सूचना वगळण्याच्या रकान्यातून काढून मागणीच्या रकान्यात घातली. आता मला मृत्यूच्याच कथा हव्या होत्या : होम्स परत येत नाही, वॉटसन बेकर स्ट्रीटवरच्या खोल्या आवरतो, अशा. जी खूण काल कुंपण होती ती आज आमंत्रण झाली. संहिता त्याच होत्या, खूण तीच होती; बदलला होता तो वाचकाचा अधिकार. पूर्वसूचना वाचकाला दुबळे करते, त्याला जीवनातील दाहकतेपासून दूर ठेवते, असा आक्षेप घेतला जातो. माझा अनुभव त्याला दुजोरा देत नाही. दुःखाकडे केव्हा जायचे हे ठरवता आल्यामुळेच मी त्याच्याकडे जाऊ शकले.

अर्थात येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो हान्स रॉबर्ट याउसच्या सिद्धांतातून येतो. १९६७ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात याउसने वाचकाच्या अपेक्षांचे क्षितिज आणि कृती यांच्यातील अंतराला मूल्यनिकषाचे स्थान दिले. जी कृती अपेक्षा केवळ पुरवते ती त्याच्या मते निव्वळ रंजनाच्या, जिभेचे चोचले पुरवणाऱ्या कलेच्या जवळ जाते. अपेक्षांची यादी आधी भरून तिच्याबरहुकूम कथा मागवणारा वाचक या निकषावर फारच खाली उतरतो.

या आक्षेपाला उत्तर देताना मला मोरोपंत आठवतात. रामकथा पुनःपुन्हा रचणाऱ्या या कवीच्या नावे अष्टोत्तरशत रामायणे सांगितली जातात. त्यांतील ‘निरोष्ठरामायण’ हे शीर्षकच ओष्ठ्य वर्ण वर्ज्य असल्याची पूर्वसूचना आहे. ‘मंत्ररामायण’ हे शीर्षक रचनेत राममंत्राची अक्षरे गुंफल्याचे सांगते. हे रामायण उघडणाऱ्याला सीतेचे काय होते ते जाणून घ्यायचे नसते. ओठ न जुळवता रामकथा कशी सांगितली जाते, ‘म’ वर्ज्य असताना ज्याचे नावही उच्चारता येत नाही त्या नायकाला कवी कसा उभा करतो, हे त्याला पाहायचे असते. शीर्षकाने अपेक्षा बांधली आणि तिच्यातूनच विस्मयाला जागा करून दिली. चाहता-कथेतही घडते ते हेच. घटनांच्या पातळीवरील अनिश्चितता खुणांनी काढून घेतली की वाचकाचे लक्ष निर्वाहाकडे वळते. होम्स परत येणार हे ठाऊक असते. वॉटसन त्याला पाहून पहिला शब्द कोणता उच्चारतो, की काहीच बोलत नाही, येथे अपेक्षांचे क्षितिज भंगते. ज्याला हा भंगही पूर्वसूचनेवाचून हवा असेल त्याच्यासाठी संग्रहाने एक प्रामाणिक पर्याय ठेवला आहे : ‘लेखकाने पूर्वसूचना न देण्याचे ठरवले आहे.’ हे मौन घोषित मौन आहे. लेखक विस्मयाचा हक्क राखतो आणि वाचक समजून उमजून जोखीम पत्करतो. ‘आत जे लिहिले आहे तेच सापडेल, मग तक्रार नको’ अशा अर्थाचा, मेलेल्या कबुतराचा उल्लेख असलेला एक विनोदी टॅगही तेथे रूढ आहे.

माझी खरी शंका खुणांविषयी नाही, आकड्यांविषयी आहे. प्रत्येक कथेखाली ती किती वेळा उघडली गेली, किती वाचकांनी तिला ‘कुडोज’ म्हणजे शाबासकी दिली, किती जणांनी ती जपून ठेवली, हे आकडे असतात. नापसंती नोंदवण्याचे साधन नाही. म्हणजे ज्यांना कथा भावली ते मोजले जातात, अर्ध्यावर उठून गेलेले अदृश्य राहतात. जुन्या कथेला आकडा साठवायला अधिक काळ मिळालेला असतो. लोकप्रिय जोडीच्या कथेला मुळातच वाचक अधिक. आकड्यांच्या उतरत्या क्रमाने कथा लावल्या की जे आधीच वाचले गेले आहे तेच पुन्हा वाचले जाते. अनुबंध वाचकाला त्याच्या अधिकाराचा विचार करायला लावतो; आकडा त्याची त्या विचारातून सुटका करतो. विपुलतेत संपादक नाहीसा झाला की त्याच्या रिकाम्या आसनावर गर्दी बसण्याचा धोका असतो.

यावर वाचकांनी शोधलेला उपाय मला सर्वांत उद्बोधक वाटतो. आवडलेल्या एखाद्या अल्पपरिचित कथेखाली ती जपून ठेवणाऱ्यांची नावे पाहायची, त्यांतील एकाने आणखी काय जपले आहे आणि त्याखाली कोणते टिपण लिहिले आहे ते वाचायचे, आणि त्या अनोळखी वाचकाच्या मागोमाग पुढच्या कथेकडे जायचे. अशा एका वाचकाच्या मागे मी कितीतरी महिने चालले आहे. त्याचे वा तिचे नाव, देश, वय मला ठाऊक नाही. एका ओळीच्या टिपणात ‘शेवटचा संवाद दोनदा वाचा’ यासारखे काही तेथे लिहिलेले असते, आणि बहुधा ते खरे निघते. अभिनवगुप्ताने सहृदयाचे वर्णन कृतीच्या संदर्भात केले. दोन सहृदयांनी परस्परांना कृतीच्या द्वारे ओळखणे हीदेखील साहित्यव्यवहारातील एक मूलभूत घटना आहे, आणि समीक्षेचा उगम कदाचित तिच्यातच असावा.

आमच्या पदव्युत्तर वर्गांत येणारा विद्यार्थी नेमलेली पुस्तके वाचतो. आम्ही त्याला रूपबंध, निवेदनतंत्र, मूल्यनिकष शिकवतो. निवड मात्र अभ्यासमंडळाने त्याच्या वतीने आधीच केलेली असते, आणि ती कोणत्या निकषांवर केली हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही. तोच विद्यार्थी रात्री आपल्या भ्रमणध्वनीवर हजारो कथांतून एक निवडताना प्रकार, परंपरा, मूळ संहितेशी अंतर, निर्वाहाची गुणवत्ता आणि स्वतःच्या मनाची अवस्था यांचा विचार करत असतो. त्या विचाराला तो समीक्षा म्हणत नाही, कारण आम्ही तसे म्हणायला त्याला शिकवलेले नाही. त्याने काय वाचले हे विचारण्यापूर्वी त्याने काय वगळले आणि का वगळले, हे विचारून पाहण्यासारखे आहे. उत्तरे देताना त्याला आपल्या अभिरुचीची कारणे शोधावी लागतील; आणि अभ्यासक्रमाची यादी करताना आपणही काय वगळत आलो आहोत, हे आपल्याला त्याच्यासमोर सांगावे लागेल.