पडद्यावर नावं सुरू झाली की

दूरदर्शनच्या कृष्णधवल दिवसांपासून मी मालिका मनापासून पाहत आले आणि आवडत्या मालिकांबद्दल तितक्याच ठामपणे बोलत आले. त्या बोलण्यात एक चूक वर्षानुवर्षं होत राहिली. मालिका कुणीतरी लिहितं, याचा मी विचारच केला नव्हता. पडद्यावर नावं सुरू झाली की मी गॅसवरचं दूध बघायला उठायची.

त्यामुळे ‘हम लोग’ माझ्या लेखी अशोक कुमारांची होती. भाग संपला की ते समोर येऊन आपल्याशी बोलायचे, म्हणजे मालिका त्यांचीच. ऑफिसच्या वार्षिक अंकात आवडत्या मालिकांवर लेख लिहिला तेव्हा मी तसंच छापून मोकळी झाले. अंक हातात पडल्यावर हिंदी साहित्य वाचणारे एक ज्येष्ठ सहकारी माझ्या टेबलाशी आले. “मनोहर श्याम जोशींचं नावच नाही?” एवढंच त्यांनी विचारलं. मला ते नाव माहीत नव्हतं. त्याच लेखात मी पहिला क्रमांक ‘बुनियाद’ला दिला होता, आणि तीही जोशींनीच लिहिलेली. आलोक नाथांचे हवेलीराम, अनिता कंवर यांची लाजोजी, रमेश सिप्पींचं दिग्दर्शन, सगळ्यांचं कौतुक मी केलं होतं. फाळणीत उखडलेलं ते कुटुंब ज्याने कागदावर उभं केलं, तो माणूस मात्र लेखात कुठेच नव्हता.

मग मी ‘हम लोग’बद्दल वाचायला लागले. जुलै 1984 मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली ती मेक्सिकोतल्या लोकशिक्षणाच्या मालिकांचा नमुना समोर ठेवून. कुटुंबनियोजनाचा संदेश घरोघरी पोहोचवायचा, हा हेतू. पहिल्या तेरा भागांतला उपदेश लोकांना आवडला नाही, तेव्हा तो कमी झाला आणि बडकी, मझली, छुटकी, लल्लू, नन्हे यांच्या घरातल्या गोष्टीला जागा मिळाली. आपल्याला ती माणसं शेजारची वाटली, ती त्या बदलामुळे. आणखी एक गोष्ट वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. दारुड्या नवऱ्याचं आणि सासूचं बोलणं मुकाट गिळणारी भागवंती ही ‘असं राहू नये’ याचं उदाहरण म्हणून रचली होती. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तर अनेकांनी तिलाच आदर्श मानलेलं निघालं. माझ्या लेखात तिच्या सोशीकपणावर एक अख्खा परिच्छेद होता. लिहिणाऱ्याने काय म्हटलंय ते न ऐकता मी मला सोयीचं तेवढंच ऐकलं होतं, आणि ऑफिसातल्या तरुण मुलींना ते वाचायलाही दिलं होतं.

‘भारत एक खोज’च्या बाबतीत तर मी अन्यायच केला. मी अहमदनगरची. नेहरूंनी ज्या पुस्तकावरून ही मालिका झाली ते 1944 साली आमच्याच किल्ल्यात, कैदेत असताना लिहिलं. श्याम बेनेगलांची ही 53 भागांची मालिका 1988 मध्ये आली. सुरुवातीचे काही भाग पाहून मी ती सोडली. शाळेचा इतिहासाचा तास वाटला. इतरांनाही तसंच सांगितलं आणि आमच्या घरी त्या वेळेला टीव्ही बंद राहू लागला. पुढे मुलीच्या आग्रहाने ती पहिल्यापासून पाहिली, या खेपेला नावांसकट. पटकथेत शमा झैदी आणि अतुल तिवारी, संगीत वनराज भाटियांचं. औरंगजेब झालेले ओम पुरी आणि शिवाजी महाराज झालेले नसीरुद्दीन शाह मी तेव्हा पाहिलेच नव्हते. जोतिराव फुल्यांच्या भागात तर आमच्या नगरचेच सदाशिव अमरापूरकर. त्यांनी सोंग आणलेलं नाही; बोलताना एका साध्या, चिडलेल्या, विचारी माणसाची धग जाणवते. माझ्या गावचा किल्ला, माझ्या गावचा नट, आणि मी टीव्ही बंद करून बसले होते. आई तेव्हा होती. तिला हा भाग फार आवडला असता.

‘महाभारत’चंही तेच. हरीश भिमानींच्या आवाजातला ‘समय’ सगळ्यांना पाठ होता. संवाद राही मासूम रझांचे आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

कॅसेटची चूक मात्र आता दुरुस्त होण्यासारखी नाही. व्हीसीआर घेतल्यावर मी मराठी एकांकिका, ‘प्रपंच’, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ असं बरंच काही उतरवून ठेवलं. तीन तासांच्या कॅसेटमध्ये जास्त भाग बसावेत म्हणून नावं सुरू झाली की पॉजचं बटण दाबायची. ‘प्रपंच’ प्रतिमा कुलकर्णींची, टिपरे दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’तून आलेले, हे शोधता येतं. पण मुंबई दूरदर्शनवरची एक एकांकिका आहे, खेड्यातल्या मास्तरांच्या बदलीची. तिच्यावर माझा फार जीव. ती कुणाची, हे सांगणारी चाळीस सेकंदं मीच कापली.

सासूबाई ‘चार दिवस सासूचे’ पाहायच्या. रोहिणी हट्टंगडींचं काम त्यांना आवडायचं. मी येता-जाता बोलायची, की तोच चेहरा तीनदा दाखवतात, गोष्ट पुढे सरकत नाही. एकदा त्या म्हणाल्या, “अगं, माझ्या वयाची बाई घरातले निर्णय घेताना मला दुसरीकडे कुठे दिसते?” मी हसून विषय बदलला. त्यानंतर मी खोलीत आले की त्या चॅनल बदलायच्या. मला वाटलं, माझं म्हणणं त्यांना पटलं.

पुढे भाचा मालिकांच्या संवादलेखनात शिरला तेव्हा रोजच्या मालिकेचं काम जवळून पाहिलं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कधी कधी सीन सेटवर पोहोचतो तेव्हा लाइट लावून झालेले असतात. गुरुवारी टीआरपी आला की ठरलेली गोष्ट वळवायची. 3,000 हून अधिक भाग चाललेली सासूबाईंची ती मालिका मला आजही ताणलेलीच वाटते. सासूबाईंशेजारी बसून मी ती महिनाभर तरी पाहायला हवी होती.

यादी मी नव्याने केली आहे. पहिली ‘बुनियाद’च. मनोहर श्याम जोशींचं नाव आता तिच्यासमोर आहे. दुसरी ‘भारत एक खोज’. तिसरी ‘प्रपंच’, कारण घरातली माणसं भांडताना खोटी वाटू नयेत, हे फार कमी जणांना लिहिता येतं. चौथ्या जागी ती मास्तरांची एकांकिका आहे. जुन्या रंगकर्मींपैकी कुणी भेटलं की मी तिचं कथानक सांगते. नाट्यस्पर्धेत काम केलेल्या एका बाईंनी लेखक विदर्भातले असावेत असं सांगितलं, म्हणून सध्या नागपूरकडच्या ओळखीच्यांना विचारते आहे.