रंध्याचं तोंड

चिखली, ६ जून

चि. माईस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत होतो. धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. मागवलेला लोखंडी रंधा सागवानावर चालतो पण शिसमावर धक्के खातो, रेषा उलटी आली की लाकूड उपटतो, असं तू म्हणालीस. आणि चांगला लाकडी रंधा कुठे मिळेल, असं विचारलंस. विकत घेऊ नकोस. तू तो कर. चार-पाच रविवार जातील, पण कर.

तुझ्या आजोबांचे सात रंधे होते. सातही त्यांनीच केलेले, फक्त पाती लोहाराकडची. आखाजीपासून मृगापर्यंत आपल्या अंगणात वखर, तिफणी, डवरे दुरुस्तीला येऊन पडायचे. त्या कामाला वाकस आणि पटाशी पुरे. बलुत्याच्या कामात रंधा क्वचितच लागे. तो निघायचा दारं-चौकटींना, आणि ते काम पेरण्या उरकल्यावर. त्यातला गलत्याचा रंधा मला सगळ्यांत प्रिय. त्याच्या तळाला एक वळण होतं: वर अर्धगोल, खाली बारीक खाच, मग जेमतेम एका सुताची पट्टी. ते वळण बाजारातल्या कुठल्याच रंध्याला नव्हतं, कारण ते त्यांनी कानशीनं घासून स्वतः ठरवलं होतं. आपल्या जुन्या गल्लीत अजून तीन चौकटी तशाच उभ्या आहेत. येशील तेव्हा दाखवतो. चौकटीवरून अंगठा फिरवला की कळतं, तिन्ही एकाच हातच्या.

आता लाकूड. आपल्याकडे बाभळीला तोड नाही. मात्र गाभ्याचं, लालसर लाकूडच घे. पांढऱ्या भागाला भुंगा लागतो. जुने सुतार बाभळीचा ओंडका महिनोन्‌महिने पाण्यात बुडवून ठेवत आणि मग सावलीत वाळवत, ते त्या किड्याच्याच भीतीनं. तुला एवढं थांबायला नको. आपल्या मोडलेल्या बैलगाडीची दांडी माळ्यावर पडून आहे. तिनं इतके उन्हाळे-पावसाळे काढलेत की आता ती वाकायची नाही. तिच्यातून दहा इंच लांब, सव्वातीन इंच रुंद, अडीच इंच उंच ठोकळा मी कापून ठेवलाय. कडेच्या रेषा नीट बघ. त्या पुढून मागे उतरत्या हव्यात. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा तळ सरकतो. ठोकळा उलटा धरलास तर रेषा लाकडाला अडकत राहतील. आणि झाडाच्या सालीकडची बाजू तळाला ठेव. ती झिजेला टिकते.

आजोबा वरून पटाशीनं खोदत खोदत तोंडापर्यंत उतरायचे. ते कसब महिन्याभरात येत नाही. तू दुसरी रीत धर. सायबेरियात जन्मलेले आणि पुढे कॅलिफोर्नियात शिकवणारे जेम्स क्रेनॉव्ह यांनी ती आपल्या पुस्तकांतून जगभर पोचवली. ठोकळा उभा चिरायचा: दोन्ही बाजूंचे तीन-तीन सुतांचे गाल वेगळे, मधला भाग वेगळा. मधला भाग तिरका कापून त्याचे दोन तुकडे करायचे. मागच्या तुकड्याच्या उतारावर पातं टेकणार. सागवानाला पंचेचाळीस अंश चालतात, पण तुला शिसम रंधायचंय, म्हणून पन्नास ठेव. पातं उभं झालं की ढकलायला जोर लागतो, पण उपटणं कमी होतं. मग गाल परत चिकटवायचे आणि दोन्ही गालांतून एक आडवी खुंटी घालायची. पाचर तिच्याखाली अडकते. आजोबांना हे पटलं नसतं. त्यांच्या काळचा सरस पावसाळ्यात सुटायचा. आजच्या फेविकॉलवर मात्र माझा भरवसा आहे.

चिकटवण्याआधी दोन्ही तुकडे इतके जवळ आण की पात्याची धार तळातून बाहेर पडता कामा नये. इथेच सगळं आहे, माई. रंध्याचं तोंड म्हणजे पात्यापुढची ती फट. तोंडाची पुढची कड लाकूड दाबून धरते, म्हणून पात्यापुढे चीर धावत नाही आणि सालपटी वेळेवर मोडते. फट मोठी झाली की दाबायला कुणी उरत नाही, आणि पातं लाकूड उपटायला लागतं. तुझ्या लोखंडी रंध्याचंही बहुधा हेच दुखणं आहे. त्याचं तोंड मोजून बघ.

मी हे फार उशिरा शिकलो. सोळाव्या वर्षी पहिला रंधा केला तेव्हा पातं बाहेर येईना, म्हणून एका दुपारी कानस घेऊन तोंड मोकळं केलं, चांगलं दोन सूत. संध्याकाळी आजोबांनी तो हातात घेतला, डोळ्यासमोर धरला आणि काही न बोलता परत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडापुढे खाच काढून शिसमाचा एक तुकडा बसवला. त्यांच्या स्वतःच्या लांब रंध्यालाही तसं ठिगळ होतं. वर्षानुवर्षं तळ घासला की तोंड आपोआप रुंदावतं, कारण आतली पोकळी वर फाकत गेलेली असते. तुझ्या रंध्याचं तोंडही तळ सपाट करताना थोडं उघडेल. तेवढ्यावर भागलं नाही तरच कानस घे, आणि एका वेळी दोनच हात मार.

तळ सपाट करताना पातं आत ओढलेलं असू दे, पण पाचर पूर्ण ठोकलेली हवी. पाचरीच्या ताणानं लाकूड केसभर वाकतं. ताण नसताना सपाट केलेला तळ ताण आला की सपाट राहत नाही. काचेवर पॉलिश पेपर लावून घास. त्याआधी तळावर पेन्सिलीनं रेघा मार, सगळ्या एकदम पुसल्या गेल्या की झालं. पाचर मात्र दणकून ठोकू नकोस. माझ्या दुसऱ्या रंध्याचा गाल पाचरीनं फुटला होता. पात्याच्या डोक्यावर हलकी टिचकी दिली की पातं पुढे येतं, रंध्याच्या मागच्या टोकावर दिली की मागे सरतं. कान देऊन ऐक, पाचर नीट बसली की आवाज भरीव येतो.

पात्याचंही सांगतो. ट्रकच्या कमान पाट्याचं पातं चालतं, जाणत्या लोहारानं पाणी दिलेलं असेल तर. तू मात्र पहिल्यांदा विकतचं जाड पातं घे. लाकडाची कसरत आणि पोलादाची कसरत एकदम नको.

रंधा झाला की जवसाचं कच्चं तेल लाव, पातळ, तीन-चार वेळा, आणि दर वेळी पुसून काढ. तेलाच्या चिंध्या पसरून वाळव, बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. तशा टाकलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात.

मृग लागतोय. या हवेत लाकूड फुगतं. गाल चिकटवायची घाई करू नकोस. ठोकळा तुझ्या खोलीत दोन आठवडे नुसता पडू दे. येत्या रविवारी शेजारचा मुलगा पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर पाठवतो. सोबत आजोबांची लहान मोगरीही देतोय. तिचा दांडा सैल आहे, पाचर मारून घे.

आणि तोंडावर कानस लावायच्या दिवशी मला आधी फोन कर. कितीही वाजलेले असू देत.

तुझा
मामा