गुरख्याची वर्गणी

जिथे काही घडत नाही, तिथे पैसे द्यायला माणसाच्या जिवावर येतं. आणि आमच्या नरडाण्यात रात्री फारसं काही घडत नाही. सुरत-भुसावळ मार्गावरून एखादी मालगाडी धडधडत जाते, आग्रा रोडवर ट्रक घरघरतात, आणि मधूनच आमच्या गल्लीचा गुरखा खांबावर काठी आपटून शिट्टी फुंकतो. एक तारखेला तो पन्नास रुपये मागायला यायचा. मी विचारायचो, "काय रे, गेल्या महिन्यात चोर आला होता?" तो म्हणायचा, "नहीं साब." "मग पैसे कसले?" या माझ्या बिनतोड सवालावर तो सलाम ठोकून पुढच्या घरी जायचा. मीही दोन रुपयांची भाजी दीड रुपयात मिळवल्याच्या आनंदात घरात यायचो.

हा सवाल माझ्याच अंगावर उलटला तो २० एप्रिल २०२४ रोजी. पुण्याचा भाचा लग्नाच्या निमित्ताने आला होता. शेवभाजी हाणून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, तुम्हाला दोन हजारांचं बिटकॉइन पाठवतो. बँक नाही, पोस्ट नाही, मध्ये कोणीच नाही!" मध्ये कोणी नाही म्हटल्यावर मी खूश झालो. आजवर आमचं जे काही गेलं, ते मधल्यांनीच तर नेलं. भाच्याने फोनवर बोटं फिरवली आणि एकदम चेहरा पाडला. दोन हजार पाठवायला शुल्क पडत होतं आठ हजारांच्या वर!

"हाई काय शे भाऊ?" ओट्यावरचे आबा किंचाळले. एके काळी मनिऑर्डरला वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन लागे, तेव्हाही आबा पोस्टाच्या नावाने बोटं मोडत.

भाच्याने समजावलं. बिटकॉइन म्हणजे एक जगड्व्याळ वही. तिचं एक पान साधारण दहा मिनिटांनी भरतं आणि त्यावर काही हजार व्यवहारच मावतात. जो जास्त पैसे मोजेल, त्याची नोंद आधी. शुल्क रकमेवर नसतं, नोंदीने किती जागा अडवली त्यावर असतं. एसटीच्या टपावर पेटी टाकताना आत सोनं आहे की गोवऱ्या, हे कंडक्टर बघत नाही, तसंच. नेमकी त्याच पहाटेपासून या वहीत नव्या प्रकारची टोकनं नोंदवायची टूम निघाली होती, त्यामुळे ही झुंबड! त्या दिवशी जगभरात सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या वर गेलं.

"पण मध्ये कोणी नाही ना? मग हे पैसे जातात कोणाला?" मी विचारलं.

"पहारेकऱ्यांना," भाचा म्हणाला.

मी सावरून बसलो.

पान लिहिण्यासाठी जगभरची यंत्रं शर्यत लावतात, त्यात ढिगाने वीज जळते. जुनं पान बदलायचं तर चोराला या साऱ्यांच्या निम्म्याहून जास्त ताकद उभी करावी लागते, म्हणून वही शाबूत राहते. पान लिहिणाऱ्याची कमाई दोन वाटांनी येते: नवी नाणी आणि शुल्क. २००९ मध्ये पानामागे ५० नवी नाणी मिळत. ती साधारण चार वर्षांनी निम्मी होत जातात. त्या दिवशी पहाटेच ती ६.२५ वरून ३.१२५ वर आली होती. २१४०च्या सुमारास ती बंदच होतील. मग पहारा फक्त शुल्कावर.

हे मला फार ओळखीचं वाटलं. आमचे प्लॉट पडले तेव्हा विकणाऱ्या शेठने पहिली काही वर्षं गुरख्याचा पगार पदरचा दिला होता. प्लॉट खपू लागले तसा त्याने हात आखडता घेतला आणि शेवटी म्हणाला, "आता तुम्ही वर्गणी काढा." तेव्हापासून बिनतोड सवाल विचारणारे आम्ही सारे!

"आणि पहारेकरी कमी झाले तर?" मी विचारलं.

"इथेरियम क्लासिक नावाच्या नाण्यावर तसा पहारा पातळ होता. ऑगस्ट २०२० मध्ये कोणी तरी भाड्याने ताकद आणली, लिहिलेली पानं पालटली आणि तेच पैसे दोनदा खर्चले."

काही दिवसांनी शुल्क उतरलं आणि भाच्याने पुण्याहून दोन हजार स्वस्तात पाठवले. तो आनंदात होता. मी फोनवर म्हटलं, "अरे, स्वस्त झालं, मग पहारेकऱ्यांचं कसं भागतं?" तो म्हणाला, "नाण्याचा भाव चढला की थोड्या नाण्यांतही भागतं, मामा."

"आणि नाही चढला तर?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. माझा हा सवाल मात्र खरोखरच बिनतोड निघाला.

त्या रात्री शिट्टी ऐकू येईपर्यंत मला झोप लागली नाही. एक तारखेला मी दारातच पन्नासची नोट घेऊन उभा राहिलो. गुरख्याने सलाम केला, नोट खिशात घातली आणि दुसऱ्या खिशातून एक मळकी वही काढली.

"साब, पिछले ग्यारह महीने भी बाकी हैं."

त्या वहीतलं ते पान मात्र मी कितीही ताकद लावली, तरी मला बदलता आलं नाही.