बुडालेल्या गहाणातले रुपये

माझ्या पिढीतल्या नाणी जमवणाऱ्यांना विचारा, पहिला राणीछाप रुपया कुठे मिळाला? बहुतेकांचं उत्तर एकच येईल: सराफाकडे, बुडालेल्या गहाणातून. आज नाणं मोबाइलवर दिसतं, लिलावात विकलं जातं आणि प्लास्टिकच्या पेटीत बंद होऊन कुरिअरने घरी येतं. तेव्हा ते सराफाच्या गादीजवळच्या लोखंडी पेटीतून, मळकट फडक्याच्या पुरचुंडीतून निघायचं. फक्त वाट बदलली असती तर या लेखाचं कारण नव्हतं. त्या वाटेवर नाण्याबरोबर आणखीही काही मिळायचं, आणि ते आता मिळत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं भिलाई आखून वसवलेलं शहर. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्यात कामाला विदर्भातून जी मराठी कुटुंबं आली, त्यांतलं आमचं एक. बाबा रेल मिलमध्ये. सेक्टरातलं क्वार्टर, कारखान्याची शाळा, कारखान्याचं हॉस्पिटल आणि संध्याकाळी फिरायला सिविक सेंटर. कपडे, पुस्तकं, खेळणी घ्यायची ती इथेच. दर महिन्याला ठरलेला पगार येणाऱ्या वस्तीत दागिना गहाण टाकायची वेळ क्वचितच येई. त्यामुळे गहाणाचा धंदा सेक्टरांच्या बाहेर होता: पॉवर हाऊसला, सुपेल्यात, आणि खरा जुना म्हणजे दुर्गच्या सराफ्यात. नाणी आम्ही तिकडून आणायचो आणि न्याहाळायला बसायचो सिविक सेंटरला.

दुर्गच्या सराफाकडे गहाण येई ते आसपासच्या खेड्यांतून. छत्तीसगढच्या बाईच्या अंगावर चांदी भरपूर असे. कमरेला करधन, दंडात नागमोरी, हातात ऐंठी, पायात तोडे आणि गळ्यात रुपियामाला, म्हणजे खऱ्याखुऱ्या चांदीच्या रुपयांना कड्या लावून ओवलेली माळ. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेत नाण्यासारख्या चकत्या असतात, इथे थेट टांकसाळीतून निघालेला रुपया असे. आषाढात पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी पैसे लागत, तेव्हा ही माळ सराफाकडे यायची. धान कापून विकलं की सुटायची. पौषातल्या छेरछेऱ्याच्या सणाला ती पुन्हा बाईच्या गळ्यात असली, तर ते वर्ष बरं गेलं म्हणायचं. पाऊस दडी मारी त्या वर्षी माळ परत जात नसे. १९६५-६६चा दुष्काळ किंवा १९७९चं कोरडं वर्ष, अशा सालांनंतर सराफांच्या पेट्या भरलेल्या असत.

गहाण सोडवायची मुदत टळली, व्याज मुद्दलाच्या डोक्यावर बसलं, निरोप धाडूनही कोणी आलं नाही, की ते गहाण बुडालं असं सराफ धरून चाले. १८७२च्या करार कायद्यात गहाणदाराला रीतसर सूचना देऊन वस्तू विकायचा अधिकार आहे, आणि मध्य प्रांतात १९३४पासून सावकारीचा कायदाही होता. खेड्यातल्या माणसाला यातलं किती ठाऊक होतं, हा वेगळा प्रश्न. बुडालेली माळ मोडीत जाई आणि मोड मुशीत. मोडीचा ढीग आणि मूस यांच्यामध्ये जे थोडे दिवस मिळत, तेवढाच आमचा बाजार.

बाबा ज्या सेठजींकडे जात, ते प्रत्येक गहाणाच्या पुरचुंडीला चिठ्ठी बांधत. नाव, गाव, रक्कम, तिथी. रुपये विकताना ते भाव लावत तो चांदीचा. इंग्रजी अमदानीतला रुपया १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. तोळ्याचं मापच रुपयावरून ठरलेलं होतं आणि ऐंशी रुपये भार म्हणजे एक शेर. त्यामुळे जुन्या सराफाच्या तराजूत कैक वर्षं रुपयाच वजन म्हणून बसलेला होता. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. सेठजी रुपया दगडावर टाकून त्याचा नाद ऐकत, कडेचे दाते बोटाने चाचपत आणि मग नाणं बाबांच्या हातावर ठेवत. साल कुठलं, टांकसाळ कुठली, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. ते आम्ही पाहायचं.

पाहायला पुष्कळ असे. १८३५ साली कंपनी सरकारने साऱ्या मुलखात एकच रुपया चालू केला, त्यावर चौथा विल्यम. मग व्हिक्टोरिया: आधी राणी, १८७७पासून सम्राज्ञी. तिच्या १८६२ सालच्या रुपयाची गंमत आम्हाला फार उशिरा कळली. तेच साल टाकून १८७४पर्यंत रुपये पाडले गेले, आणि त्यांतला फरक ओळखायचा तो बारीक ठिपक्यांवरून. हे कळल्यावर घरातले सगळे १८६२चे रुपये भिंगाखाली पुन्हा एकदा आले. एडवर्डचा रुपया लगेच ओळखू येई, कारण राजाच्या डोक्यावर मुकुट नाही. पंचम जॉर्जच्या १९११च्या रुपयाची तर सगळेच वाट पाहत. राजाच्या झग्यावरच्या साखळीतल्या हत्तीची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, बरेचसे रुपये परत घेऊन वितळवले गेले आणि १९१२ला हत्ती दुरुस्त झाला. १९३९चा रुपया सर्वांत विरळा. अकरा-बारांश चांदीचा तो शेवटचा, कारण १९४०पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ला रुपया निकेलचाच झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने जुने चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले. ते रुपये मोठ्या संख्येने वाचले कशामुळे? खेड्यापाड्यांतल्या बायकांनी ते गळ्यात घातले होते म्हणून, आणि गरज पडली तेव्हा मोडून न टाकता गहाण ठेवले म्हणून. आपल्या संग्रहातले किती रुपये या बायकांनी सांभाळलेले आहेत, हे संग्राहकाने विसरू नये.

रविवारी संध्याकाळी सिविक सेंटरला नेहरू आर्ट गॅलरीजवळच्या हिरवळीवर आमचा कट्टा भरे. विदर्भातले मराठी, एक-दोन बंगाली, आणि टपाल तिकिटं जमवता जमवता नाण्यांकडे वळलेला एक मल्याळी शिक्षक. रुमालावर नाणी मांडली जात आणि अदलाबदल चाले. भिलाईची म्हणून एक खास गोष्ट इथे होती: सोव्हिएत कोपेक. रशियन इंजिनिअरांची कुटुंबं शहरात राहत, त्यांच्या मुलांकडून आम्हाला कोपेक आणि लेनिनचे बिल्ले मिळत. एका रुमालावर राणी, राजा आणि विळा-हातोडा शेजारी शेजारी. त्यातच कधी एखादा ओबडधोबड, काठाशी अक्षरं तुटलेला नागपुरी रुपया निघे, आणि मराठी मंडळी सरसावून बसत.

त्याला कारण होतं. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. बिंबाजी भोसल्यांनी १७५८पासून रतनपुरात बसून छत्तीसगढचा कारभार केला. १८५४ला इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, तोवर भोसल्यांचाच रुपया इथे चालत होता. त्यावर अक्षरं फारसी आणि नाव मोगल बादशहाचं, कारण मराठ्यांच्या बहुतेक टांकसाळी तशीच नाणी पाडत. कट्ट्यावरचे एक काका नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींबद्दल अभिमानाने बोलत. कलचुरींचे कोरीव लेख वाचून मिराशींनी १९५५ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि रतनपूरच्या राजांचा इतिहास त्यातून उभा राहिला. त्याच राजांची सोन्याची नाणी, आणि त्याहून कितीतरी जुनी शरभपुरीय राजांची कागदासारखी पातळ, मागून ठोकून उठाव दिलेली सोन्याची नाणी याच मातीत सापडली. शेतात सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं असा कायदा १८७८पासून आहे. तरी नांगराच्या फाळाला लागलेली किती मडकी थेट सराफाच्या मुशीत गेली असतील, याची खंत काका पुन्हा पुन्हा बोलून दाखवत. रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात ही नाणी पाहायला त्यांनीच आम्हा पोरांना नेलं.

त्या दिवसांची गोडी मनात आहे, पण ती दुसऱ्याच्या अडचणीवर उभी होती हेही तितकंच खरं. एकदा सेठजींनी कड्यांसकट अख्खी माळ बाबांसमोर ठेवली. बाबांनी चिठ्ठीवरचं गाव वाचलं, तिथी पाहिली आणि माळ परत सरकवली. आणखी एक हंगाम थांबा, असं त्यांनी सेठजींना सांगितलं. सेठजी थांबले. पुढे ती माळ सुटली की नाही, ते मला माहीत नाही. तेव्हापासून बाबा सुटे रुपये घेत, अख्खी माळ कधी घेत नसत. प्रत्येक रुपयाच्या पाकिटावर सालाच्या खाली ते गावाचं नावही लिहून ठेवत.

चांदी महागली की हा बाजार आटायचा. जानेवारी १९८०मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेली आणि मार्चमध्ये कोसळली. अशा चढत्या भावात सराफाला मोड साठवून ठेवणं परवडत नसे. पेट्या रिकाम्या होत, आणि १८६२चा ठिपकेवाला रुपया आणि १९१८चा साधा रुपया एकाच लगडीत विरघळून जात.

आज तारण देणाऱ्या कंपन्यांच्या पाट्या मोठ्या रस्त्यावर झळकतात. कर्ज मिनिटांत मिळतं, व्याजाचा दर लेखी असतो, दागिना तिजोरीत सीलबंद राहतो. कर्ज थकलंच तर कंपनीला दोन वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लिलाव करावा लागतो, आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. कर्ज घेणाऱ्या बाईच्या बाजूने पाहिलं तर ही मोठी सुधारणा आहे, आणि मी तिचं मनापासून स्वागत करतो. गरजवंताला चिठ्ठीच्या भरवशावर सोडणारी जुनी पद्धत परत यावी, असं मला मुळीच वाटत नाही.

नाण्याच्या बाजूने मात्र काहीही सुधारलं नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सोन्याचांदीच्या तारणाचे नवे नियम काढले, ते लागू करायला १ एप्रिल २०२६पर्यंतची मुदत दिली. एका कर्जदाराची चांदीची नाणी ५०० ग्रॅमपर्यंत तारण घेता येतील आणि मोल धरायचं ते फक्त धातूचं. किलोला लाखाचा भाव धरला तरी जुन्या रुपयातल्या साधारण १०.७ ग्रॅम चांदीचे हजारावर पैसे होतात. पण १९३९चा रुपया आणि १९१९चा रुपया या हिशेबात सारखेच. सेठजींच्या तराजूतही ते सारखेच होते. फरक एवढाच की त्यांच्या गादीसमोर बसून कोणीतरी सालं वाचत होतं.

ज्ञानाच्या बाबतीत आजचा काळ निःसंशय थोर आहे. आमच्या कट्ट्यावर परमेश्वरीलाल गुप्तांचं नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं नाण्यांवरचं एकच पुस्तक हातोहात फिरे. आज सेक्टर दहामधली शाळकरी मुलगी घरबसल्या जगभरातल्या संग्रहालयांतली नाणी पाहू शकते. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. पण याच मोबाइलवर वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील अशी भूलही घातली जाते. बँकेच्या नावाने कमिशन आणि कर मागणाऱ्या ठगांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१मध्ये द्यावा लागला. दुर्मीळ सालांचे बनावट रुपयेही बाजारात भरपूर आहेत. ते फोटोत ओळखू येत नाहीत. नाद, वजन आणि कडेचे दाते हातात घेतल्यावरच कळतात, आणि हे शिक्षण आम्हाला सराफाच्या गादीसमोर मिळालं होतं.

सगळ्यात मोठं नुकसान झालं ते ठावठिकाण्याचं. लिलावाच्या यादीत नाण्याचं वजन, साल, टांकसाळ, दर्जा सगळं असतं. ते कोणत्या गावातून, कोणाच्या घरातून आलं, हे बहुतेक वेळा नसतं. कोणता रुपया कोणत्या मुलखात कुठवर पोचला, कोणत्या काळात साठवला गेला, खेड्यात चांदी कधी आली आणि कधी बाहेर गेली, हे सांगणारी माहिती पुरचुंडीच्या चिठ्ठीवर होती. नाणं राहिलं आणि चिठ्ठी फेकली गेली, की हा इतिहास कायमचा पुसला जातो.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरात आजीची रुपयांची माळ असेल, देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाचे राणीछाप रुपये असतील, तर मोडीत किंवा तारणात देण्याआधी प्रत्येकाचं साल वाचा. त्यांना चिंच-मीठ लावून घासू नका, पॉलिश करू नका आणि कडी तोडू नका, कारण कडी हाही त्यांच्या इतिहासाचाच भाग आहे. माळेचा फोटो काढा. ती कोणाची, कोणत्या गावची, कधी केली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद नाण्यांसोबत ठेवा. विकायची वेळ आलीच, तर घेणाऱ्याला तो कागदही द्या. आणि तुम्ही संग्राहक असाल, तर पैसे मोजण्याआधी पहिला प्रश्न विचारा: हे कुठून आलं?