खेळून पोट

“खेळून का कुणाचें पोट भरतें?” हा प्रश्न आमच्या वऱ्हाडांतील सुशिक्षित घरांत इतक्या वेळां विचारला गेला आहे कीं, तो प्रश्न आहे हेंच आतां कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्याचा सूर उत्तराचाच असतो. वकिली, डॉक्टरी, मास्तरकी, कचेरींतील नोकरी आणि घरची शेती असल्यास तिच्यावर एक डोळा, एवढ्याच वाटा अमरावती-अकोल्याच्या मध्यमवर्गाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक. खेळ हा संध्याकाळचा. दिवेलागण झाली कीं संपणारा. या समजुतीची एकदां झडती घ्यावी असें कित्येक दिवस आमच्या मनांत होतें; आणि गंमत अशी कीं, त्या कामीं आम्हांस पहिलें साहाय्य झालें तें एका अमेरिकन गोल्फपटूच्या चरित्राचें.

गोल्फ हा खेळ आमच्या इकडे फारसा कोणीं पाहिलेला नाहीं. विस्तीर्ण हिरवळीवर लहानसा चेंडू काठीनें टोलवीत अठरा खळग्यांत क्रमाक्रमानें घालावयाचा, आणि ज्याला सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकला, एवढें कळलें म्हणजे पुरे. वॉल्टर हेगन हा १८९२ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथें जन्मला. बाप लोहारकामावर राबणारा. मुलगा धनिकांच्या क्लबांत त्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहूं लागला आणि वाहतां वाहतांच खेळ शिकला. १९१४ सालीं त्यानें अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली, १९१९ सालीं पुन्हां जिंकली, आणि मग क्लबाची बांधील नोकरी सोडून केवळ स्पर्धा व प्रदर्शनाचे सामने यांवर राहण्याचें ठरविलें. त्या काळीं गोल्फच्या धंदेवाईकानें धनिकांना खेळ शिकवावा, त्यांच्या काठ्या दुरुस्त कराव्या आणि उरल्या वेळांत स्वतः खेळावें अशी रीत होती. निव्वळ खेळण्यावर जगूं पाहणारा हा जवळजवळ पहिलाच.

१९२० सालीं हेगन इंग्लंडांतील डील येथें ब्रिटिश खुल्या स्पर्धेसाठीं गेला. तेथें कळलें कीं, धंदेवाईक खेळाडूस क्लबाच्या इमारतींत पाऊल टाकण्याची मनाई आहे. हौसेसाठीं खेळणारा तो सद्गृहस्थ, पोटासाठीं खेळणारा तो नोकर, असा तेथला हिशेब! हेगननें एक भपकेबाज मोटार भाड्यानें घेतली, ती क्लबासमोर उभी करविली आणि तिच्यांतच बसून बूट बदलले. त्या स्पर्धेंत त्याचा क्रमांक त्रेपन्नावा लागला हेंही सांगितलें पाहिजे. मोटारीनें टोले सुधारत नाहींत. पण १९२२ सालीं त्यानें तीच स्पर्धा जिंकली. पुढल्या वर्षीं ट्रून येथें तो एका टोल्यानें हरला, आणि आठवडाभर बंद असलेलें दार बक्षीससमारंभापुरतें उघडून त्याला आंत बोलावण्यांत आलें, तेव्हां तो गेला नाहीं. प्रेक्षकांनाच त्यानें जवळच्या खानावळींत बोलावलें.

हें सर्व सातां समुद्रांपलीकडचें म्हणून पुस्तक मिटण्याची सोय आम्हांस नाहीं. १८७६ सालीं जन्मलेला पालवणकर बाळू पुण्याच्या साहेबी क्लबांत मैदान राखण्याच्या व साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकण्याच्या कामावर होता. चर्मकार समाजांतल्या या गोलंदाजाला पुण्याच्या हिंदूंनीं आपल्या संघांत घेतलें, कारण त्याच्यावांचून साहेबांना हरवितां येईना. परंतु चहाच्या वेळीं त्याला चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यांत. १९११ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभरावर बळी घेतले. हेगनला निदान मोटार भाड्यानें घेतां आली.

आमच्या वऱ्हाडांत मात्र गोष्ट उलट्या बाजूनें सुरू होते. विलायतेंत खेळाचे पैसे घेणें हा कमीपणा. आमच्याकडे खेळाचे पैसे मिळत नाहींत हा कमीपणा. अमरावतींत १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केलें, आणि १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपले देशी खेळ करून दाखविले. त्या मंडळाचा अभिमान आम्हांस आहे, आणि तेथें शिकून व्यायामशिक्षक झालेल्यांचे संसारही आम्ही पाहिले आहेत. पण तें पोट शिकविण्यावर भरलें, खेळण्यावर नव्हे. नागपुरांत जन्मलेले सी. के. नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले, तरी त्यांनाही होळकरांच्या पदरीं राहावें लागलें. मंडळ, राजा किंवा शाळा यांपैकीं कोणाचा तरी हात धरल्यावांचून खेळाडू उभा राहात नसे.

आतां हें बदललें आहे, आणि बदललें आहे तें वऱ्हाड्याला चटकन समजावें अशा रीतीनें. आमच्या बाजारांत कापसाचा हर्रास होतो. व्यापारी गाडीजवळ येतो, ढिगांतून चिमूटभर कापूस ओढून धागा पाहतो, भाव बोलतो आणि पुढें जातो. पेरणी, निंदण, फवारणी, रात्रीची राखण यांचा हर्राशींत उल्लेखही होत नाहीं. २०२४ च्या नोव्हेंबरांत अरबस्थानांतील जेद्दा शहरीं क्रिकेटपटूंचा असाच हर्रास झाला. सुमारें पावणेसहाशें नांवें यादींत होतीं. १८२ जणांना भाव मिळाला. त्यांत अमरावतीचा जितेश शर्मा ११ कोटि रुपयांस बंगळूरच्या संघांत गेला, आणि अकोल्याचा अथर्व तायडे ३० लाखांस हैदराबादच्या. दोघे एकाच विदर्भ संघांतून पुढें आलेले, आणि २०२२ सालीं पंजाबच्या संघानें दोघांनाही २०-२० लाखांतच घेतलें होतें.

जितेश हा १९९३ सालचा. सैन्यांत जावें ही त्याची मूळ इच्छा, आणि खेळाच्या प्रमाणपत्राचे जादा गुण त्या कामीं उपयोगीं पडतील म्हणून आपण क्रिकेट धरलें, असें त्यानेंच सांगितलें आहे. म्हणजे आरंभीं त्याचाही हिशेब आमच्या घरांतलाच! २०१६ सालीं मुंबईच्या संघानें त्याला १० लाखांस घेतलें आणि दोन हंगाम ठेवलें. त्या दोन हंगामांत तो एकही सामना खेळला नाहीं. पुन्हां भाव येईपर्यंत २०२२ साल उजाडलें. मधल्या वर्षांविषयीं वर्तमानपत्रांत फारसें सांपडत नाहीं, आणि आमच्या मतें हीच त्याच्या चरित्रांतील खरी प्रकरणें होत. २०२३ सालीं हांगझोऊच्या आशियाई खेळांत तो भारताकडून खेळला. २७ मे २०२५ रोजीं लखनौस बंगळूरचें कर्णधारपद त्याच्याकडे होतें. समोर २२८ धावांचें लक्ष्य, आणि त्यानें ३३ चेंडूंत नाबाद ८५ काढल्या. आठवड्याभरांत बंगळूरनें चषक जिंकला, तोही पंजाबला हरवून. त्याच वर्षीं त्यानें विदर्भ सोडून बडोद्याचा संघ जवळ केला, तेव्हां अमरावतींत कांहीं मंडळी नाराज झालीं. बदली होऊन मुंबईस गेलेल्या कारकुनावर याच मंडळींनीं कधीं राग धरल्याचें आमच्या स्मरणांत नाहीं.

अथर्वची गोष्ट आम्हांस अधिक जवळची वाटते, कारण तिच्यांत ११ कोटि नाहींत. एकोणीस वर्षांखालील विदर्भाचा कर्णधार असतां कूचबिहार चषकाच्या अंतिम सामन्यांत त्यानें ३२० धावा काढल्या होत्या. १७ मे २०२३ रोजीं धरमशाला येथें पंजाबसाठीं खेळतांना तो ४२ चेंडूंत ५५ धावांवर होता. धांवगति वाढावी म्हणून त्याला बाद न होतांच परत बोलावण्यांत आलें, आणि तो गेला. अर्धशतक करून मुकाट्यानें बाहेर चालत जाणें हा देखील या धंद्याचा भाग आहे. हैदराबादच्या संघांत त्याला फारशी संधि मिळाली नाहीं. त्यानंतर २०२५ च्या ऑक्टोबरांत नागपुरास इराणी चषकासाठीं त्यानें शेष भारताविरुद्ध १४३ धावांची संथ, चिवट खेळी केली आणि विदर्भ जिंकला. जेद्दाच्या हर्राशींत अशा खेळीस गिऱ्हाईक कमी.

तरीही तिच्यावर घर चालतें, हें आमच्या वाचकांस सांगणें अगत्याचें आहे. २०२१ सालीं ठरलेल्या दराप्रमाणें रणजी सामन्यांत खेळणाऱ्या अकरांपैकीं नवख्यासही दिवसाला ४०,००० रुपये मिळूं लागले, चाळिसांहून अधिक सामने झालेल्यास ६०,०००. आणि राखीव खेळाडूस त्याच्या निम्मे. बाहेर बसून वाट पाहण्याचाही दर ठरलेला आहे! अर्थात् हे दिवस वर्षांत मोजकेच येतात, गुडघा दुखावला तर येतच नाहींत, आणि पस्तिशीनंतर बहुधा थांबतात. विदर्भानें २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदां रणजी चषक जिंकला. त्यामागें हर्राशींत नांवही न पुकारल्या गेलेल्यांचे कितीतरी दिवस आहेत.

हें सर्व आमच्या डोक्यांत घोळत असतां शेजारचे एक गृहस्थ भेटीस आले. मुलगा अकरावींत, त्याला क्रिकेटसाठीं नागपुरास ठेवावें काय, असा त्यांचा प्रश्न. त्यांच्या मनांत ११ कोटींचा आंकडा होता, मुलाच्या आईच्या मनांत गुडघा. आम्हीं त्यांना दोन्ही आंकडे बाजूस ठेवावयास सांगितलें आणि मुंबईच्या त्या दोन हंगामांची हकीकत सांगितली. गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमचा थोरला चार वर्षें अभ्यासिकेंत बसून स्पर्धापरीक्षा देतोय. त्याला मीं एकदांही विचारलें नाहीं, पोट भरतें का म्हणून.”

आम्हीं मुलाला हांक मारविली आणि विचारलें, “संघांत नांव नसलें म्हणजे सामन्याच्या दिवशीं काय करतोस रे?”

“पाणी नेतों, काका,” तो म्हणाला, “आणि गोलंदाज चेंडू कुठें धरतो तें बघतों. घरीं येऊन वहींत लिहितों.”

वही आहे काय, असें त्याच्या वडिलांनीं विचारलें. त्यांनीं ती पाहिलेली नव्हती. मुलगा आणावयास धांवला.