एका वडाचं रान



बावीस अभक्ष्यांची यादी आपल्यातल्या बहुतेकींना लहानपणापासून पाठ असते. तिची सुरुवातच पाच उदुंबर फळांनी होते: वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठुंबर. खरं सांगायचं तर हा सगळ्यात सोपा त्याग. बटाटा सोडताना वडापावची गाडी आडवी येते, वडाचं फळ कुणी ताटात वाढतच नाही. त्यामुळे यादीतली ही पाच नावं आपण भरभर म्हणतो आणि पुढे जातो.

पेमगिरीच्या वडाखाली मात्र भरभर म्हणून पुढे जाता आलं नाही. फाल्गुनात घरातले आम्ही सहाजण नगरहून निघालो. कोल्हार-लोणीमार्गे संगमनेर आणि तिथून पश्चिमेला डोंगराकडे पेमगिरी. गावाच्या माथ्यावर शहागड आहे. आपल्या नगरची निजामशाही बुडत असताना शहाजीराजांनी छोट्या मूर्तझाला याच गडावर गादीवर बसवलं होतं. गड चढायला सासूबाईंचे गुडघे तयार नव्हते, त्यामुळे आम्ही सरळ वडाकडे गेलो.

लांबून पाहिलं तर ते झाड वाटतच नाही. माळावर मध्येच एक हिरवी गच्च राई आहे असं वाटतं. आत शिरलं की खांबच खांब. काही माझ्या मनगटाएवढे, काही दोघींच्या कवेत न मावणारे. मूळ बुंधा कोणता, हे आमच्या मुलाला शोधायचं होतं. अर्धा तास फिरून त्याने तीन वेगवेगळे बुंधे "हाच तो" म्हणून दाखवले आणि मग नाद सोडला.

वडाची पारंबी जमिनीला टेकेपर्यंत नुसती लोंबणारी दोरी असते. टेकली, रुजली की जाड होऊ लागते, फांदीला खालून टेकू देते आणि काही वर्षांत स्वतःच बुंधा होऊन बसते. मग फांदी आणखी पुढे सरकते, पुढे नवी पारंबी सोडते. हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या प्रसिद्ध वडाचा मूळ बुंधा बुरशी लागून कुजला, म्हणून 1925 साली काढून टाकावा लागला. झाड मात्र पारंब्यांवर आजही उभं आहे आणि पसरतंच आहे. आंध्रातला थिम्मम्मा मर्रिमानू तर याहून मोठा, त्याचं नाव गिनीज बुकात आहे. पण त्यासाठी आंध्रात कशाला जायचं, आपल्या जिल्ह्यातला वड आपल्यातल्या किती जणींनी पाहिलाय?

सासूबाई एका पारंबीजवळ सतरंजी टाकून बसल्या. बसण्याआधी खालची पानं पूंजणीने हलकेच बाजूला केली, कारण तिथे मुंग्यांची रांग होती. मग वर बघत म्हणाल्या, "अगं, हे झाड एक म्हणायचं का?"

आपल्याकडे वनस्पतिकायाची गणती शिकवतात ती आठवा. प्रत्येक वनस्पतीतही मूळ, खोड, साल, पान, फूल, फळ, बी यांत वेगवेगळे जीव सांगितले आहेत. म्हणजे साधी तुळससुद्धा आपल्या हिशेबाने एकटी नसते. चौऱ्यांशी लाख योनींमध्ये प्रत्येक वनस्पतीच्या दहा लाख आणि साधारण वनस्पतीच्या चौदा लाख, हे आपण रोज खमावताना म्हणतो. हे आकडे तोंडात इतके बसलेत की डोळ्यांसमोर काही येत नाही. त्या दिवशी आलं. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, ही तर अख्खी वस्ती आहे." त्यांनी मान हलवली आणि माळ हातात घेतली.

आता फळांकडे येते. फांद्यांवर लाल फळं लगडली होती आणि वर नुसता गोंगाट. साळुंक्या ओळखू आल्या, तांबटाची टुकटुक ऐकू येत होती, बाकीचे पक्षी पानांत दडलेले. वडाचं फळ म्हणजे खरं तर आत वळलेला फुलोरा. फुलं सगळी आतल्या बाजूला, म्हणून तर "उंबराचं फूल" म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट. या फुलांपर्यंत पोचणारा एकच पाहुणा असतो. गांधीलमाशीच्या कुळातला, मोहरीच्या दाण्याएवढा कीटक, आणि वडाचा कीटक वेगळा, उंबराचा वेगळा. मादी फळाच्या तोंडातून आत शिरते. वाट इतकी चिंचोळी की तिचे पंख तुटतात. आत ती परागीकरण करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पिल्लांतल्या नरांना पंख नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, बाहेर जायला वाट कोरतात आणि बहुतेक आतच संपतात. नव्या माद्या पराग घेऊन उडतात, दुसऱ्या फळाच्या शोधात. हे कीटक नसतील तर वडाचं बी धरत नाही, आणि वड नसेल तर या कीटकांना दुसरं घर नाही.

म्हणजे ज्याला आपण "त्रस जीव असतात" एवढ्या तीन शब्दांत उरकतो, ते हे. एका फळात जन्म, मरण, सगळा संसार. सूक्ष्मदर्शक नसताना आपल्या आचार्यांनी ही पाच फळं एका ओळीत बसवली, आणि वनस्पतिशास्त्रही ही सगळी एकाच कुळातली मानतं. (अंजिराचं विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी: अंजीरही त्याच कुळातलं. आपल्या पुरंदरच्या अंजिराला पिकायला कीटक लागत नाही हे खरं, पण बहुबीजाचा मुद्दा उरतोच. आमच्या घरात येत नाही.)

भगवान ऋषभदेवांना केवलज्ञान झालं ते पुरिमतालला, वडाखाली. प्रभू महावीरांना शालवृक्षाखाली. चोवीस तीर्थंकर, आणि प्रत्येकाचं एक झाड. स्थानकात आम्ही हे पाठ केलं होतं, मुलाला प्रश्नमंजूषेत यावर बक्षीसही मिळालं होतं. वडाची ती थंडगार, दाट सावली अंगावर घेतली तेव्हा हेच झाड का, याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

जवळच्या वाडीतल्या एक आजी शेळ्या घेऊन आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, इथलं वाळकं लाकूड तरी चुलीला नेता का? "न्हाई बाई," त्या म्हणाल्या, "हितली काडी घरी न्यायची न्हाई. देवाचं हाय." बस, एवढंच. कुणी पहारा ठेवलेला नाही. सह्याद्रीतल्या देवराया अशाच टिकल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांवर लिहिलं, तेव्हा शहरातल्या लोकांना कळलं की गावदेवाच्या धाकाने केवढी झाडं वाचली आहेत. जिथे हा धाक नव्हता तिथलं काय झालं तेही आपण पाहिलंय. पुणे-नाशिक रस्ता चौपदरी होताना कडेचे जुने वड गेले. संगमनेरहून जाता-येता त्या सावलीत गाडी थांबवून आपण डबे उघडलेले आहेत. पेमगिरीलाही एका खांबावर कुणीतरी बदाम कोरून दोन नावं लिहिली आहेत, ते बघून वाईट वाटलं.

काडीची गोष्ट ऐकून सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. कारण सांगते. आमच्या घराची पूर्वी लाकडाची वखार होती. सागवान, बाभूळ, जळण, सगळं. सासूबाईंनी बारा व्रतं घ्यायची ठरवली तेव्हा सातव्या व्रताशी गाडं अडलं. त्या व्रताला दोन बाजू आहेत: एक, काय वापरायचं याची मर्यादा. दुसरी, काय करून पोट भरायचं याची. पंधरा कर्मादानं त्या दुसऱ्या बाजूची, त्यात कोळसा पाडण्याचं अंगारकर्म आणि लगेच पुढे वनकर्म. प्रतिक्रमणात रोज "वणकम्मे" म्हणायचं आणि सकाळी वखारीचं कुलूप उघडायचं, हे त्यांना जमेना. सासरे म्हणायचे, आम्ही झाडं तोडत नाही, तोडलेली विकतो. घरात दोन वर्षं हा वाद चालला. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होतं, वखारीवर चार भावांची चूल पेटत होती. शेवटी वखार बंद करून भांड्यांचं दुकान झालं. उत्पन्न निम्म्यावर आलं, आणि त्याचे टोमणे सासूबाईंनी बरीच वर्षं ऐकले.

परत येताना सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं म्हणून लोणीच्या पुढे गाडी थांबवली. ठेपले, दही आणि मेथांबा. तिथेच सासूबाईंनी विषय काढला. धाकट्या दिरांच्या नव्या घराचं काम चालू आहे आणि त्यांना दारं-चौकटी नव्या सागवानी हव्यात, पैसेही बाजूला काढून ठेवलेत. सासूबाई म्हणाल्या, "वखारीच्या माळ्यावर तीन जुन्या चौकटी पडल्यात. त्या घ्या. नवीन लाकूड माझ्या नावाने नको." दीर काही बोलले नाहीत. जाऊबाई माझ्याकडे बघायला लागल्या. नव्या घराला जुनी दारं कोण लावतं, असं त्यांच्या मनात होतं आणि ते चूक म्हणता येत नाही, आयुष्यात घर एकदाच होतं.

चार दिवस फोनाफोनी झाली. मग जाऊबाई स्वतःच माळ्यावर चढून चौकटी बघून आल्या. दोन चांगल्या निघाल्या, तिसऱ्या चौकटीचा खालचा भाग वाळवीने खाल्लाय. सुतार म्हणतो, चांगल्या दोन्ही दोन इंच तोकड्या आहेत, पण दाराच्या बाजूची भिंत तेवढी भरून घेऊ.