मृदंगाची पिशवी

वाचकहो, बी-बियाणे, खते आणि फवारणी यांवर तुम्ही पुष्कळ वाचता. आज जरा वेगळ्या गोष्टीविषयी लिहितो. आपल्याकडे गाव तिथे मारुतीचे देऊळ आणि देऊळ तिथे भजनी मंडळ. पूर्वी अशा मंडळाचे गाणे ध्वनिमुद्रित व्हायचे म्हणजे आकाशवाणीवर निवड व्हावी लागे. आता तालुक्याच्या गावीही लहानमोठे स्टुडिओ निघाले आहेत आणि पोरे गावातली भजने रेकॉर्ड करून मोबाइलवर टाकतात. तुमच्याही गावचे मंडळ आज ना उद्या जाईल. तेव्हा मृदंगी बुवांच्या पिशवीत काय काय असावे, ते सांगतो. हे शहाणपण मी पुस्तकातून घेतलेले नाही. माझ्या हातून एक चूक झाली, तिच्यातून ते आले.

गोष्ट 2008 सालच्या जून महिन्यातली. उमरी तालुक्यातील एका गावच्या मंडळाला परभणीच्या आकाशवाणी केंद्रावर ध्वनिमुद्रणाची तारीख मिळाली. पेरणी तोंडावर आलेली. तरीही सात जण निघाले, कारण मंडळाचे मृदंगी बुवा तेव्हा सत्तरीला टेकले होते आणि त्यांचा हात आजवर कुठेही मुद्रित झालेला नव्हता. तीन अभंग ठरले. तिसऱ्याच्या शेवटी दोन मिनिटे नुसता मृदंग वाजणार होता. बुवांनी त्यासाठी उन्हाळाभर रियाझ केला होता. आखाड्यावर रात्री बैलांना वैरण टाकून झाली की त्यांचा हात सुरू होई.

मी कृषी खात्याचा माणूस. परभणीला आमचे कृषी विद्यापीठ. माझे शिक्षण तिथलेच, वाट पायाखालची. म्हणून मंडळाने मला पुढे घातले आणि मीही मोठ्या हौसेने म्हणालो, "बुवा, तुम्ही फक्त मृदंग घ्या. बाकीचे सगळे माझ्याकडे." त्या बाकीच्यात कणीक होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मृदंगाला दोन तोंडे. उजव्या पुडीला कायमची काळी शाई असते. ती बोलते टणक आणि सुरात. डावी पुडी मोठी. तिच्यावर वाजवण्याआधी गव्हाची भिजवलेली कणीक थापतात, साधारण पुरीएवढी. त्या ओल्या वजनाने कातडे सावकाश हलते आणि खोल, भरीव नाद निघतो. कणीक वाढवली की नाद खाली जातो, थोडी काढली की वर येतो. तबल्याच्या डग्ग्याला कायमची शाई असल्याने कणीक लागत नाही. आपल्या सीमेपलीकडे तेलंगणात आणि खाली तमिळ मुलखात जो मृदंगम् वाजतो, त्याच्या डाव्या तोंडाला रवा भिजवून लावतात. बाहेरच्या देशांतल्या वाद्यमेळात हेच खर्जाचे काम बास गिटार करते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 1951 साली विजेवर चालणारी जी बास गिटार बाजारात आणली, तीच पुढे जगभर पसरली. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा थरथरते. देश कोणताही असो, खालचा सूर हा घराच्या पायासारखा. दिसत नाही, पण नसला तर भिंत उभी राहत नाही.

तर आम्ही उमरीहून पहाटेची गाडी धरली. मुदखेड, नांदेड, पूर्णा करीत परभणीला उतरलो. आभाळ भरून आले होते, हवा दमट. स्टुडिओत गेलो तर आत गारवा. बुवांनी मृदंगाची खोळ काढली, सूर बघितला, हातोडीने दोन ठोके दिले आणि माझ्याकडे हात पसरला. "कणीक द्या, साहेब."

मी पिशवीतून पुडी काढून दिली. बुवांनी वाटीत पीठ घेतले, पाण्याचा हबका मारला, बोटांनी मळले आणि थांबले. गोळा तुटत होता. पुन्हा पाणी, पुन्हा तुटला. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, ही तर ज्वारी हाय."

घरात दोन डबे शेजारी शेजारी. मी पहाटे अंधारात, दिवा न लावता, चुकीच्या डब्यातून पीठ भरले होते. वीस वर्षे शेतकऱ्यांना धान्याची पारख शिकवणाऱ्यांच्या रांगेत बसणारा मी, मला गहू आणि ज्वारी ओळखता आली नाही! ज्वारीत ग्लुटेन नसते. गव्हातले हे ग्लुटेन पाण्यासंगे मळले की रबरासारखे ताणते आणि पीठ एकजीव धरते. कणकेचा गोळा वाहत्या पाण्यात धुवत राहा, पिठूळपणा निघून जातो आणि हातात चिवट लगदा राहतो. तेच ते. ज्वारीची भाकरी आपल्याला पोसते, पण मृदंगाच्या पुडीवर तिचे पीठ पहिल्या चार थापांतच गळून पडते.

मी धावत बाहेर गेलो. जवळच्या हॉटेलात पुऱ्यांची कणीक मळून ठेवलेली होती. त्या भल्या माणसाने पैसे न घेता गोळा दिला. बुवांनी तो हातात धरला आणि परत केला. "याच्यात तेल आन् मीठ हाय. तेल मुरलं की पुडी गेली." मग पुन्हा बाहेर. किराणा दुकान शोधून गव्हाचे पीठ आणेपर्यंत पाऊण तास गेला. स्टुडिओ आम्हाला ठरावीक वेळेपुरताच होता, आमच्या मागे दुसरे मंडळ येऊन बसले होते. तिथल्या मंडळींनी होईल तेवढे सांभाळून घेतले. पण अभंग दोनच झाले. तिसरा राहिला, आणि त्याच्याबरोबर बुवांची ती दोन मिनिटेही राहिली.

परतताना गाडीत कोणी मला एक शब्द बोलले नाही. बुवाच म्हणाले, "पुढच्या बारीला, साहेब. मृदंग कुठं पळूलालाय?"

प्रसारणाच्या दिवशी मारुतीच्या पारावर रेडिओ लावून गाव बसले. दोन्ही अभंग छान झाले होते. मात्र बुवांच्या कारभारीण, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो, ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "टाळ ऐकू आला, पेटी ऐकू आली. तुमचा डावा हात तर वाजलाच नाही की!" बुवा नुसते हसले. मला वाटले, हेही माझ्या कणकेचेच पाप. पुढे एका जाणत्या तंत्रज्ञाने समजावले की, खर्जाचा नाद काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते. लहान रेडिओचा हाताच्या पंजाएवढा स्पीकर तेवढी हवा हलवू शकत नाही. नाद मुद्रणात असतो, यंत्रातून बाहेर पडत नाही. मी हे काकूंना सांगायला गेलो, तोवर सव्वा वर्ष लोटले होते आणि बुवा गेले होते. पुढची बारी आलीच नाही.

आता त्या पिशवीकडे येतो. लिहून भिंतीला लावा.

पहिली वस्तू कणीक. ताजे दळलेले गव्हाचे पीठ, तेल-मीठ नसलेले, दोन वेगवेगळ्या पुड्यांत, दोन वेगवेगळ्या माणसांकडे. बरोबर पाण्याची बाटली, मळायला वाटी, हात पुसायला कोरडे फडके. कणीक तिथे गेल्यावरच भिजवा. आदल्या रात्री भिजवलेली आंबते. वाजवणे संपले की ती त्याच दिवशी काढा, बोथट चमच्याने किंवा ओल्या बोटांनी. सुरीने खरडू नका. वाळलेली कणीक कातडे ओढते आणि तिच्या वासाने उंदीर पुडी कुरतडतो.

दुसरी वस्तू हातोडी. गजऱ्यावर वरून ठोकले की सूर चढतो, खालून ठोकले की उतरतो, हे वाजवणाऱ्याला ठाऊक असते, पण हातोडी घरी राहिली तर त्या ठाऊक असण्याचा उपयोग काय? बरोबर दोन जादा गठ्ठे आणि वादीचा एक तुकडा असू द्या. पुडी मात्र स्टुडिओत बसून बदलता येत नाही. ती फाटायला आली असेल तर महिनाभर आधीच बदला, म्हणजे नवी पुडी वाजून मुरेल. शेजारच्या गावाकडून दुसरा मृदंग उसना मिळत असेल तर तोही न्या. पेरणीला निघताना आपण जादा दोर नेतो, तसेच हे.

तिसरी वस्तू तुमची स्वतःची पेटी. स्टुडिओतली पेटी चांगली असेल, पण तिचा सूर तुमच्या पेटीशी तंतोतंत जुळेलच असे नाही. पेटीचा सूर तिथल्या तिथे हलत नाही, मृदंगालाच तिच्यापर्यंत जावे लागते. बुवा कोणत्या पट्टीत गाणार, काळी एक की पांढरी चार, हे घरीच ठरवा आणि मृदंग त्याच सुरात मिळवून न्या. तिथे मग थोडेच उतरवावे-चढवावे लागते.

चौथी गोष्ट पिशवीत मावत नाही. ती म्हणजे वेळ. अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा आणि मृदंगाची खोळ काढून त्याला स्टुडिओच्या हवेत ठेवा. दमट हवेत कातडे सैलावते, कोरड्या हवेत ताणते. गाडीतून काढून लगेच सूर लावला तर दुसऱ्या अभंगापर्यंत तो हलणारच. उन्हातून आणलेल्या जनावराला आपण लगेच पाणी दाखवत नाही ना?

पाचवी, बसायला स्वतःचे बस्कर आणि मृदंग हलू नये म्हणून खाली घ्यायला जुने कापड. बाकावर किंवा फळीवर बसलात तर ती करकरते आणि माइक ते ऐकतो. माइकला सगळे ऐकू जाते, हातातले कडे, खिशातल्या किल्ल्या, मोबाइलची थरथरसुद्धा. हे सगळे बाहेर ठेवा. टाळकऱ्यांना मृदंगापासून जरा दूर बसवा, नाहीतर मृदंगाच्या माइकमध्ये टाळच भरतो. डाव्या तोंडाच्या अगदी जवळ माइक आणला तर बहुतेक माइकमध्ये खर्ज फुगतो आणि नुसते गुरगुरणे ऐकू येते. अंतर ठरवणे तिथल्या तंत्रज्ञाचे काम. तुम्ही एवढेच सांगा, "आधी थोडे वाजवतो, ऐकून घ्या." आणि चाचणीला जेवढ्या जोराने वाजवाल, तेवढ्याच जोराने पुढेही वाजवा.

सहावी गोष्ट मंडळाच्या प्रमुखासाठी. ज्या गाण्यात सगळ्यांत वयस्क माणसाचे काम आहे, ते पहिल्यांदा मुद्रित करा. शेवटी ठेवू नका. माझ्या मते पूर्ण यादीत ही गोष्ट कणकेपेक्षाही मोठी आहे.

यंदा दिवाळीनंतर बुवांच्या नातवाचे नांदेडच्या एका स्टुडिओत मुद्रण होते. मृदंग आजोबांचाच. आदल्या संध्याकाळी मी यादी घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी गहू निवडून गिरणीतून दळून आणला होता आणि कोऱ्या फडक्यात दोन पुरचुंड्या बांधल्या होत्या. मी यादी वाचू लागलो तर त्यांनी एक पुरचुंडी सोडून माझ्यासमोर धरली.

"चाखून बघा साहेब. काय हाय ते सांगा."

नातू तोंड फिरवून हसला. मी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणालो, "गहू."

"मग जा म्हणावं त्याला," काकू म्हणाल्या.

नातवाने तो राहिलेला तिसरा अभंग पहिल्यांदा मुद्रित केला, शेवटच्या दोन मिनिटांसकट. हात अजून आजोबांएवढा पक्का नाही. घरी आल्यावर त्याने मोबाइलचा आवाज मोठा करून लावला, तसा मी त्याला थांबवले आणि कानाला लावायचे मोठे हेडफोन आणायला सांगितले. ते काकूंच्या कानांवर बसवले. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. उजव्या हाताने त्या मांडीवर टाळाचा ठेका धरत होत्या. थोड्या वेळाने तो हात थांबला आणि डावा हात हलू लागला.